गॅस मास्क आणि संरक्षक पोशाखाचे सैनिकी प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी लष्करात भरती झालेल्या रंगरुटांना अश्रुधुराने भरलेल्या खोलीत नेऊन मास्क काढायला लावतात, हे चित्रफितींमुळे आता आपल्याकडेही बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. तिकडे स्थायिक झालेल्या घरातला एखादा भाचा किंवा पुतण्या भरती झाला की ती चित्रफीत इकडच्या आत्याबाईंच्या फोनवर येऊन पोहोचते आणि प्रश्नांना सुरुवात होते. खालची माहिती मुख्यतः अमेरिकेच्या भूदलाची आणि मरीन कोअरची आहे. भारताचा संबंध जिथे खरोखर येतो, तिथे तोही सांगितला आहे.

त्या खोलीत नेमके काय करून घेतात?

भूदलाचे मूलभूत प्रशिक्षण १० आठवड्यांचे असते आणि त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातच हा दिवस येतो. मरीन कोअरचे प्रशिक्षण १३ आठवड्यांचे असून तिथेही तो कुणाला चुकत नाही. एका लहानशा बंदिस्त इमारतीत प्रशिक्षक स्वतः मास्क लावून उभे असतात, मधोमध छोट्या शेगडीवर सीएस नावाच्या पदार्थाच्या कॅप्सूल तापत असतात आणि रंगरुटांच्या तुकड्या एकामागून एक आत येतात. आत येताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मास्क घट्ट बसवलेला असतो, ही बाब चित्रफिती पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

पहिली काही मिनिटे मास्क काढायचाच नसतो. मान डावीकडे-उजवीकडे फिरवा, वर पाहा, खाली पाहा, जागच्या जागी उड्या मारा, अशा आज्ञा सुटतात. घामेजलेल्या मानेवर आणि मनगटांवर चुरचुर सुरू होते, शेजारच्याच्या मास्कच्या काचेवर धुराचा पांढुरका थर दिसतो, आणि तरीही श्वास मात्र स्वच्छ येत राहतो. त्यानंतर मास्कची कड दोन बोटांनी उचलून धूर आत येऊ द्यायचा, मास्क पुन्हा बसवायचा आणि आतली हवा जोराने बाहेर फुंकून तो साफ करायचा, हा भाग येतो. मास्क पूर्ण काढून नाव-क्रमांक सांगणे आणि दाराबाहेर पडणे हे अगदी शेवटी. चित्रफितीत दिसते ते हेच अखेरचे अर्धे मिनिट, कारण नाकातून ओघळणारा शेंबूड आणि धडपडत बाहेर येणारी पोरे पाहायला मिळतात ती तिथेच. माझ्या मते शिकण्यासारखे जे काही आहे ते त्याआधीच्या मिनिटांत आहे. धूर सहन करण्याचा सराव हा या खोलीचा हेतू नाही. आपल्या हाताने बसवलेला मास्क काम करतो आणि तो निसटला तरी आत राहूनच परत बसवता येतो, याची खात्री तिथे पटवायची असते.

सीएस हा विषारी वायू आहे का?

खोलीच्या तापमानाला तो वायूसुद्धा नसतो. ती एक पांढरी भुकटी असते, जी शंभर अंश सेल्सिअसच्या थोडे खाली वितळते आणि तापवल्यावर अतिसूक्ष्म कणांच्या धुरासारखी हवेत पसरते. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातील मिडलबरी कॉलेजमध्ये १९२८ साली बेन कॉर्सन आणि रॉजर स्टाउटन या दोघांनी तो तयार केला आणि त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला सीएस हे नाव पडले.

शरीरावर तो काय करतो, हे समजायला आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. आंब्याच्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत जो झणका जातो, तो चेतातंतूंवरच्या टीआरपीए-१ या ग्राहक प्रथिनामुळे जाणवतो, आणि सीएस त्याच प्रथिनाला चेतवतो. फरक तीव्रतेचा आहे. डोळे आपोआप घट्ट मिटतात, पाणी थांबत नाही, छाती आवळल्यासारखी वाटते, खोकल्याची उबळ येते आणि ओलसर त्वचा जळजळते. मोकळ्या हवेत आल्यावर यातली बहुतेक लक्षणे १० ते १५ मिनिटांत ओसरू लागतात. म्हणून तो निरुपद्रवी आहे असे मात्र नाही. बंद जागेत, दाट मात्रेत आणि जास्त वेळ तो इजा करू शकतो, आणि त्यासाठीच आतला वेळ व प्रमाण दोन्हींवर बंधने असतात.

‘गॅस, गॅस, गॅस’ अशी हाक आल्यावर काय करायचे असते?

श्वास जिथे असेल तिथे रोखायचा आणि डोळे मिटायचे. छाती भरून श्वास घ्यावा अशी त्या क्षणी उपजत ओढ होते आणि तीच घातक ठरते, कारण हाक कानावर पडेपर्यंत वायू नाकाशी पोहोचलेला असू शकतो. मग हेल्मेट काढून ते गुडघ्यांत धरायचे, कमरेच्या पिशवीतून मास्क बाहेर घ्यायचा, आधी हनुवटी खोबणीत टेकवायची आणि पट्ट्या डोक्यामागे ओढायच्या. उच्छ्वासाच्या झडपेवर तळहात ठेवून जोराने फुंकायचे, म्हणजे आत अडकलेली दूषित हवा कडांमधून निघून जाते. नंतर फिल्टरची तोंडे तळहातांनी झाकून श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून आत दबला आणि तसाच राहिला, तर तो नीट बसला असे समजायचे. एवढ्या सगळ्यासाठी ९ सेकंद मिळतात.

त्यानंतरच स्वतः ओरडून इतरांना सावध करायचे. मास्कमधून आवाज घुसमटलेला येतो, त्यामुळे धातूवर धातू आपटून इशारा देण्याची जुनी पद्धत अजूनही शिकवली जाते.

पहिल्या दिवशी ९ सेकंद फार थोडे वाटतात. हात चुकतात ते बहुधा दोनच ठिकाणी: हनुवटीऐवजी कपाळ आधी बसवले जाते, किंवा पट्टी एका बाजूला जास्त ओढली जाऊन दुसऱ्या गालावर फट राहते. मग जेवणाच्या रांगेत, चालताना किंवा बंदूक साफ करत असताना अवचित हाक देऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेतली जाते.

मास्कच्या आत असे काय असते, ज्यामुळे हवा स्वच्छ होते?

सध्याचा अमेरिकी मास्क एम-५० या नावाने ओळखला जातो. त्याला समोर एकच रुंद काच असते आणि दोन्ही गालांजवळ एकेक चपटा फिल्टर. आधीच्या एम-४० मास्कमध्ये दोन डोळ्यांसाठी वेगळ्या काचा आणि एका बाजूला एकच डबा असे. फिल्टरमध्ये दोन थर असतात: सीएससारखे सूक्ष्म कण अडवणारा दाट घड्यांचा कागद, आणि वायू व बाष्प शोषून घेणारा सक्रिय कोळसा. या कोळशावर तांबे, चांदी, जस्त, मॉलिब्डेनम आणि एका सेंद्रिय अमाइनचे लेपन केलेले असते, कारण सायनाइडच्या वर्गातले हलके वायू नुसत्या कोळशाला पुरेसे धरून ठेवता येत नाहीत.

हा कोळसा पूर्वी कशापासून करीत, ही गोष्ट कोकणातल्या वाचकांना आवडेल. पहिल्या महायुद्धात नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम समजला जाई, कारण तो कठीण असतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रे भरपूर असतात. करवंट्या पुरेनात तेव्हा अमेरिकेत पीच फळांच्या कोया आणि अक्रोडासारख्या फळांची टरफले जमवण्याची मोहीम निघाली. एका मास्कपुरत्या कोळशासाठी २०० कोया किंवा ७ पौंड टरफले लागतात, असे लोकांना सांगितले जात असे. आजही करवंटीचा सक्रिय कोळसा पाण्याच्या आणि हवेच्या फिल्टरांत वापरला जातो.

मग हा मास्क लावून कुठेही जाता येते का?

नाही, आणि या गैरसमजातून माणसे दगावू शकतात. मास्क हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. विहीर, गटाराचे मॅनहोल, बायोगॅसची टाकी किंवा आग लागलेले बंद घर इथे हवेत प्राणवायूच अपुरा असू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइड साध्या सैनिकी फिल्टरमधून सरळ आरपार जातो. अशा ठिकाणी पाठीवर हवेचे नळकांडे असलेला श्वसनसंच लागतो.

दाढी, चष्मा आणि लांब केस यांचे काय?

मास्क टिकतो तो त्याची रबरी कड आणि कातडी यांच्यामधल्या सलग स्पर्शावर. गालावरचे वाढलेले खुंट किंवा कपाळावर आलेली केसांची बट एवढेही तो स्पर्श तोडायला पुरेसे असते. चष्म्याच्या काड्या कडेखालून जातात म्हणून नेहमीचा चष्मा चालत नाही. मास्कच्या आत बसणारी नंबरच्या काचांची वेगळी चौकट दिली जाते. कॉन्टॅक्ट लेन्स लावून खोलीत जायला मनाई असते, कारण धुराचे कण लेन्सखाली अडकून बसतात.

दाढीचा प्रश्न धार्मिक स्वातंत्र्याशी जोडला गेल्याने तो न्यायालयापर्यंत पोहोचला. अमेरिकी भूदलातील शीख अधिकारी कॅप्टन सिमरतपाल सिंग यांना इतरांना लागू नसलेल्या जादा मास्क-चाचण्या देण्याचा आदेश निघाला, तेव्हा २०१६ साली त्यांनी दावा दाखल केला आणि न्यायालयाने त्या चाचण्या थांबवल्या. जानेवारी २०१७ मध्ये भूदलाने धार्मिक कारणासाठी दाढी आणि पगडीची परवानगी देण्याची पद्धत सोपी केली, मात्र रासायनिक हल्ल्याचा प्रत्यक्ष धोका असेल तेव्हा दाढी काढायला सांगण्याचा अधिकार राखून ठेवला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते; पण चाचणी घ्यायचीच तर ती एकट्याची न घेता सगळ्यांची घ्यावी, हा मुद्दा अधिक सरळ होता.

अंगावरच्या पोशाखाचे प्रशिक्षण वेगळे असते का?

असते, आणि खरे कष्ट त्यातच आहेत. सदरा आणि विजार अशा दोन भागांच्या या पोशाखाच्या अस्तरात सक्रिय कोळशाचे बारीक मणी असतात, सदऱ्याला डोके झाकणारी टोपी जोडलेली असते, आणि त्यावर रबरी ओव्हरबूट व जाड हातमोजे घालायचे असतात. धोका किती आहे त्यावरून पोशाखाच्या पातळ्या ठरतात. शून्य पातळीला सगळे साहित्य हाताशी ठेवायचे, पहिलीला सदरा-विजार घालायची, दुसरीला ओव्हरबूट चढवायचे, तिसरीला मास्क आणि टोपी, चौथीला हातमोजे. शून्यापासून चौथ्या पातळीपर्यंत पोहोचायला ८ मिनिटे दिली जातात.

हातमोजे शेवटी ठेवण्याचे कारण एकदा ते घालून पाहिले की कळते. जाड रबरातून बुटाची नाडी बांधता येत नाही, चेन सापडत नाही, बंदुकीचा घोडा बोटाला नीट जाणवत नाही. म्हणून जोडीदाराने जोडीदाराला तपासायचे असते: मनगटाशी बाही हातमोज्यावर आली आहे का, मानेशी कातडी उघडी आहे का, पाठीमागे टोपीची कड दुमडली आहे का.

पोशाखावर दंडाला आणि घोट्याजवळ चिकट पट्टीसारखा एक रासायनिक कागद गुंडाळतात. त्यावर विषारी द्रवाचा थेंब पडला की तांबूस डाग उमटतो. रंग दिसला की तपासणी करत बसायचे नसते, आधी मास्क लावायचा असतो.

मेच्या उन्हात हे घालून माणूस तग धरेल का?

थोडा वेळ धरेल, पण काम तेवढेच होणार नाही. कोळशाचे अस्तर विष बाहेर ठेवते त्याबरोबर घामाची वाफ आत कोंडते. अमेरिकी भूदलाच्या नियमांनुसार चौथ्या पातळीच्या पोशाखात हलके काम असेल तर उष्णतेच्या मोजलेल्या निर्देशांकात १० अंश फॅरनहाइट, आणि मध्यम किंवा जड काम असेल तर २० अंश मिळवून मगच काम-विश्रांतीचे वेळापत्रक पाहायचे असते. पाणी पाजत राहायचे, पण तेही ताशी दीड क्वार्टच्या, म्हणजे सुमारे १.४ लिटरच्या वर नाही, कारण अतिरिक्त पाण्याने रक्तातले सोडियम उतरते आणि तेही जिवावर बेतू शकते. प्रशिक्षणात घाबरून पडणाऱ्यांपेक्षा उष्म्याने पडणाऱ्यांकडे प्रशिक्षकांचे अधिक बारीक लक्ष असते, आणि ते योग्यच आहे.

मास्क लावलेला असताना पाणी कसे पितात?

मास्कमध्ये एक बारीक नळी असते, जिचे बाहेरचे टोक पाण्याच्या बाटलीच्या खास झाकणाला जोडता येते. जेवण मात्र करता येत नाही.

धोका टळला हे कसे ठरवतात? मास्क पहिल्यांदा कोण काढतो?

आधी तपासणी संचाने हवेत विष आहे का ते पाहतात. हवा स्वच्छ दिसली तरी सगळे एकदम मास्क काढत नाहीत. वरिष्ठ एका किंवा दोघांना निवडतो, त्यांना सावलीत नेऊन ५ मिनिटे मास्क काढायला लावतो, पुन्हा लावायला सांगतो आणि पुढची १० मिनिटे त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या, श्वास आणि हालचाल यांवर नजर ठेवली जाते. त्यांना निवडल्याबरोबर त्यांची शस्त्रे काढून घेतात. वर्गात हे वाक्य येते तेव्हा बसलेल्या पोरांना त्याचा अर्थ उमगायला क्षणभर लागतो: विषाच्या अमलाखाली गेलेल्या माणसाच्या हातात भरलेली बंदूक असू नये.

मांडीत टोचण्याची इंजेक्शने कशासाठी असतात?

सारिनसारख्या मज्जाविषांसाठी, म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या विषांसाठी. सैनिकाला दिल्या जाणाऱ्या स्वयंचलित इंजेक्शनमध्ये अट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम ही दोन औषधे असतात, आणि झटके थांबवण्यासाठी डायझेपामचे वेगळे इंजेक्शन असते, जे जोडीदाराने द्यायचे असते. प्रशिक्षणात सुई नसलेली नमुन्याची इंजेक्शने वापरून मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरण्याचा सराव करवतात. इथला एक नियम घोकून घेतला जातो: जखमी सोबत्याला त्याच्या स्वतःच्या पिशवीतले इंजेक्शन द्यायचे, आपले नाही. कठोर वाटतो खरा, पण आपले देऊन टाकले तर थोड्या वेळाने आपल्याला काही उरत नाही.

खोलीतून आल्यावर पोरे आजारी पडतात, हे खरे आहे का?

अंशतः खरे आहे. दक्षिण कॅरोलायनातील फोर्ट जॅक्सन येथे २०१२ साली ६,७२३ रंगरुटांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा धुराच्या खोलीनंतरच्या आठवड्यात श्वसनमार्गाच्या तीव्र आजाराचा धोका त्याआधीच्या तुलनेत सुमारे अडीच पट असल्याचे दिसले. सर्दी-खोकल्याची साथ बराकीत एरवीही असतेच. धुराने चुरचुरलेल्या घशात ती लवकर घर करते, असे त्याचे साधे स्पष्टीकरण देता येईल. पुढे खोलीतले सीएसचे प्रमाण कमी केल्यावर हा धोकाही उतरला. मास्कवरचा विश्वास पटवायला दाट धूर लागत नाही, हे त्यातून सिद्धच झाले. ‘आमच्या वेळी भिंत दिसत नव्हती’ अशी फुशारकी मारणाऱ्या जुन्या सैनिकांना ते पटत नाही, हा भाग वेगळा.

रासायनिक शस्त्रांवर बंदी असताना सीएस वापरणे कायदेशीर कसे?

२९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार अश्रुधुरासारखे पदार्थ युद्धतंत्र म्हणून वापरण्यास मनाई आहे. बचावाचे प्रशिक्षण आणि कायदा-सुव्यवस्था यांसाठी मात्र मुभा आहे. म्हणजे जो पदार्थ सैनिकावर सरावात सोडता येतो, तोच त्याला रणांगणावर शत्रूवर सोडता येत नाही. भारताने कराराखाली आपला साठा जाहीर करून तो २००९ साली नष्ट केला, तर अमेरिकेचे काम जुलै २०२३ मध्ये पूर्ण झाले.

सैनिकांवर प्रयोग होत, असे वाचले आहे. हा त्यातलाच प्रकार नाही का?

प्रयोग झाले होते, आणि ते झालेच नाहीत असे कुणी म्हणू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने आपल्याच सुमारे ६०,००० सैनिकांवर मस्टर्ड वायू (कातडीवर फोड आणणारे विष) आणि तत्सम पदार्थांच्या चाचण्या घेतल्या, आणि त्यांतल्या अनेकांना दशकानुदशके तोंड उघडायची मुभा नव्हती. आपल्या उपखंडातही हे घडले. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो भारतीय सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. काहींना अर्धी चड्डी आणि सुती सदरा एवढ्यावर वायूच्या खोलीत पाठवले होते. ही कागदपत्रे २००७ साली सर्वांसमोर आली. आजच्या प्रशिक्षणात फोड आणणारे किंवा मारक विष रंगरुटांवर वापरत नाहीत. खरे मज्जाविष वापरून सराव होतो तो मिसूरीतील फोर्ट लिओनार्ड वूडच्या विशेष केंद्रात, तोही रासायनिक संरक्षणाचेच काम करणाऱ्या सैनिकांसाठी आणि पूर्ण पोशाखात. तरीही एखाद्या आईने ‘खोलीत नेऊन काय करणार?’ असे विचारले, तर तिची शंका इतिहासाला धरून आहे, हे मान्य करायला हवे.

हे प्रशिक्षण सुरू केव्हा झाले? भारतीय सैनिकांचा त्यात काही संबंध आहे का?

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी हजारो नळकांड्यांतून क्लोरीन सोडला आणि सहा-एक किलोमीटरच्या आघाडीवर एकही मास्क नव्हता. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच भागात हल्ल्याला उतरली आणि तिच्यावरही वायू सोडला गेला. ओला रुमाल किंवा पागोट्याचा पदर तोंडाला लावणे, एवढाच बचाव हाताशी होता. त्या धुरात माणसांना एकत्र ठेवून जखमी अधिकाऱ्यांना वाहून आणणारे जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूचा त्रास मात्र त्यांच्या शरीराला पुढेही छळत राहिला. त्यानंतर वर्षभरात आधी औषधात भिजवलेल्या कापडी टोप्या आणि मग डब्याचा श्वसनसंच आला, आणि त्याबरोबर आघाडीमागे धुराची खोली उभारून प्रत्येक सैनिकाला तिच्यातून काढण्याची पद्धत रुळली. आजची खोली तिचीच वारस आहे.

महाराष्ट्रात असे प्रशिक्षण कुठे होते?

पुण्यात दापोडीजवळच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीएमईमध्ये, आण्विक, जैविक आणि रासायनिक संरक्षणाचे प्रशिक्षण देणारा विभाग आहे. तळेगावजवळ सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे, जिचे जवान रासायनिक दुर्घटनांत अशाच पोशाखात उतरतात. मास्क, फिल्टर आणि शोधक यांवरचे भारतातले बरेचसे संशोधन ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत झाले आहे.

जुन्या बाजारातला गॅस मास्क घेऊन ठेवावा का?

शोभेसाठीसुद्धा जपून. जुन्या ब्रिटिश आणि सोव्हिएत मास्कच्या काही फिल्टरांत ॲस्बेस्टॉस आढळला आहे, तेव्हा तो तोंडाला लावून श्वास घेऊ नये.

आमच्या मुलाचा हा दिवस जवळ आला आहे. त्याला काय सांगावे?

दमा किंवा छातीची तक्रार असेल तर ती आधीच सांगावी, लपवू नये. कॉन्टॅक्ट लेन्स ठेवू नयेत, आदल्या रात्री दाढी नीट करावी आणि सकाळी पोटभर जेवून जाऊ नये. बाहेर आल्यावर वाऱ्याकडे तोंड करून हात पसरून चालत राहावे आणि डोळे अजिबात चोळू नयेत, कारण चोळल्याने भुकटी आत घुसते. अंगावर भरपूर गार पाणी घ्यावे. गणवेश घड्या करून इतर कपड्यांत ठेवू नये. तो वेगळ्या पिशवीत बांधून वेगळा धुवावा आणि त्यावर ब्लीच टाकू नये, कारण सीएसशी मिळून ते त्रास वाढवते. आणि ज्या रुमालाने त्याने नाक पुसले असेल, तो खिशातला रुमालही त्याच पिशवीत टाकायला सांगावे.